थर्ड शिफ्टचा माणूस झोपलाय

अहो प्रज्ञाचे बाबा,

चार महिने झाले तुम्हाला जाऊन, आणि या चार महिन्यांत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. फोटोपुढं मेणबत्ती लावते, हात जोडते आणि कामाला लागते. राग माझा माझ्यावरच होता, तुमच्याशी काय बोलणार? पण रविवारी प्रज्ञानं मला एक गोष्ट सांगितली आणि तो सगळा राग उठून तुमच्याकडं निघाला. म्हणून लिहायला बसले. समोर असता तर तोंडानंच ऐकवलं असतं.

त्या दिवसापासून सुरू करते. सकाळी साडेसातला तुम्ही थर्ड शिफ्ट करून आलात. चहा अर्धाच प्यायलात. म्हणालात, जेवायला उठवू नको, मी माझा उठेन. मी नेहमीसारखा तुमचा निळा टॉवेल बाहेर दाराच्या कडीला अडकवला. आपल्या बजाजनगरच्या गल्लीत तो टॉवेल दिसला की सगळ्यांना कळायचं, थर्ड शिफ्टचा माणूस झोपलाय. भाजीवाला आपल्या दारापुढं ओरडायचा नाही. समोरच्या काकू धुणं आपटायच्या नाहीत. मी तर कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही, फुसफुसायला लागला की गॅस बंद. अठरा वर्षं हेच केलं. तुमच्या झोपेपुढं घरात कुणाचं काही चालत नव्हतं.

मला त्या दिवशी सुट्टी होती. अकराच्या सुमाराला खोलीतून कण्हल्यासारखा आवाज आला. मी दाराशी गेले. दाराला हात लावला. मग मनात आलं, नको, झोपमोड झाली तर दिवसभर चिडचिड करतील. आणि परत फिरले. ऐकताय ना? परत फिरले आणि मेथी निवडत बसले. दोन वाजता दार उघडलं तेव्हा तुमचा हात गार लागला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास झालेत.

पुण्यानुमोदनाच्या विधीला तुमच्या ताई फुलंब्रीहून आल्या. चार बायकांत बसून मला म्हणाल्या, "घरातच व्हतीस ना गं तू? मंग कळलं कसं नाय?" खाली मान घालून पोळ्या वाढत राहिले.

आणि तुमची ती कंपनी, जिच्यासाठी आम्ही अठरा वर्षं पाय न वाजवता चाललो! तुमच्या मशीनवरचे युसूफभाई भेटायला आले होते. सांगत होते, शिफ्ट सुरू होताना सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि तिसऱ्या मिनिटाला तुमचं मशीन चालू झालं. त्यांनाच अपराध्यासारखं वाटत होतं. "क्या करते भाभी, माल जाना था," म्हणाले. मी त्यांना चहा दिला. त्यांचा काय दोष?

पंधराव्या दिवशी मी माझ्या वायरिंगच्या कंपनीत कामावर गेले. सुपरवायझर मॅडमनी मला लाइनवरून उठवून कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, हलकं काम म्हणून. तिथंसुद्धा मी एकदा सबंध ट्रेमध्ये लाल वायर पिवळीच्या जागी खोचून ठेवली. एरवी मॅडमनी मला सगळ्यांसमोर झापलं असतं. त्या दिवशी स्वतः बसून दुरुस्त करत राहिल्या. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत बायका झाकण न वाजवता डबे उघडतात. मी आले की हसणं बंद. तो निळा टॉवेल कुणीतरी माझ्याच गळ्यात अडकवल्यासारखं झालंय. एक दिवस म्हणालेच, अगं, माणूस माझं गेलंय, तुम्ही तरी बोला. तर त्या आणखीच गप्प झाल्या.

घरात तरी काय वेगळं होतं? प्रज्ञा माझ्याशी कामापुरतंच बोलायची. बारावीचं वर्ष, पण पुस्तक उघडून नुसती भिंतीकडं बघायची. मला वाटायचं, ही पण मनातून ताईंसारखंच म्हणत असणार. विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि ती व्हय म्हणाली तर?

रविवारी दुपारी मी वरणाला कुकर लावला. फुसफुसायला लागला तसा सवयीनं माझा हात बटणाकडं गेला. प्रज्ञा मागं उभी होती. म्हणाली, "होऊ दे ना आई शिट्टी. आता कोण झोपलंय?" आणि तिथंच फरशीवर बसली. मग सगळं बाहेर आलं. त्या सकाळी नऊ वाजता ती हळूच तुमच्या खोलीत गेली होती, चार्जर घ्यायला. तुम्ही जागे होतात. पलंगावर बसून छाती चोळत होतात, बनियन घामानं भिजलं होतं. तिनं विचारलं, आईला बोलावू का? आणि तुम्ही काय म्हणालात?

"आईला सांगू नको. उगा गल्ली गोळा करील."

पोरीनं ऐकलं तुमचं. चार्जर घेऊन क्लासला गेली. रविवारी मला म्हणाली, "मी सांगितलं असतं तर बाबा असते."

गल्ली गोळा करील म्हणे! केली होती, आठ वर्षांपूर्वी. छातीत जळजळतंय म्हणालात, मी बोंब मारली, चार माणसं धावली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पित्ताचं औषध दिलं. झालं! तेव्हापासून दारात येईल त्या पाहुण्याला तुम्ही सांगायचात, हिनं जिवंतपणी माझी मयत काढली होती. सगळे हसायचे. मीही हसायचे. पण त्यानंतर मी बोंब मारायचीच सोडली. अकरा वाजता दारातून परत फिरले ती त्याच हसण्यापायी. हे आज पहिल्यांदा कबूल करते.

माझ्यापासून लपवलंत, ते मी गिळलं असतं. आपलं अठरा वर्षं तसंच चाललं. पण सतरा वर्षांच्या पोरीच्या तोंडाला कुलूप का लावलंत हो? मरताना ओझं ठेवायला तुम्हाला तिचीच पाठ सापडली?

तिला पोटाशी धरलं आणि मी ओरडून रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. दारातून मयत उचलली तेव्हासुद्धा माझा आवाज फुटला नव्हता. मागं कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या, मी गॅस बंद केला नाही. समोरच्या काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या, भाजीवाला गाडा सोडून आला, शेजारपाजारच्या सगळ्या आल्या. बघा, केली गल्ली गोळा. चार महिने उशिरा. आणि त्या सगळ्यांसमोर मी मोठ्यानं सांगितलं, माझ्या पोरीची काही चूक नाही.

तुमचा टॉवेल अजून कडीलाच होता, काढायची कुणाची छाती झाली नव्हती. मी ओढून काढला आणि धुण्यात टाकला.

तुम्हाला माफ करीन का, माहीत नाही. सध्या तरी नाही. पण एक वचन देते. प्रज्ञाच्या पाठीवरून तुमचे ते शब्द मी उतरवून घेईन, रोज सांगावं लागलं तर रोज सांगेन. तिला शिकवलंय, कुणी म्हणालं आईला सांगू नको, की आधी आईला सांगायचं. आणि या घरात बंद दारामागून कुणी नुसतं कण्हलं तरी मी दार उघडीन. चिडले तर चिडू देत.

तुमची,
गल्ली गोळा करणारी
सुनंदा