मडकं उघडायची घाई

पळसदरी, गुरुवार, १६ जानेवारी २०२५

लाडके निशिगंधा,

सोनुआजीचे आशीर्वाद. आमी सगळे बरे हाय. गुडघा कुरकुरतो, पण तुझ्याइतका रुसत नाय. फोन तू उचलत नायस, म्हणून शेजारची दीप्ती लिहितेय. तिला सांगितलंय, बोलते तसंच उतरव, आजीला शाळेत घालू नको.

मोहोपाड्यात कंपनी काय म्हणते? होळीपर्यंत मडक्यात भाजलेली पोपटी विकून चाळीस हजार कमवायचे आणि स्टेशनबाहेर स्वतःचा गाडा लावायचा, असं तू ठरवलं होतंस. साठवलेले बारा हजार घातलेस, मडकी आणलीस, पाटी रंगवलीस. पहिल्याच शनिवारी पोपटी कच्ची निघाली, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं आणि तू मडकी माझ्या पडवीत टाकून गेलीस. त्यातल्या एकात कोंबडी राहायला आलीय. भाडं देत नाय.

तुझ्यामागे दोन शनिवार मी दोन-दोनच मडकी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, ओवा, मीठ, भांबुर्डीचा पाला. तोंड खाली, वर पेंढा रचून पेटवायचा, आणि मग गप बसायचं. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र करून लगेच उडालं पायजे. त्याआधी हात लावायचा नाय. बत्तीसशे सुटले. दीप्ती म्हणते, "आजी, अशानं चाळीस हजाराला पुढची होळी उजाडेल." खरं बोलली कार्टी. (कार्टी लिहायला कुरकुर करतेय.)

शेंगा अजून तीन आठवडे, मग निबर. म्हणून एक धाडस करून बसलेय. पंचवीस तारखेला शेतघरावर मुंबईची चाळीस माणसं येतायत. एकदम दहा मडकी. तीन हजार इसार घेतला, शेंगा न् कोंबड्या बोलून ठेवल्या. जमलं तर खर्च जाऊन दहा हजार. बिघडलं तर इसार परत आणि शेंगा गुरांना. दहा मडकी मला एकटीला पेलायची नायत.

आता ज्यासाठी बसले ते. त्या पहिल्या शनिवारी गाडीतलं गिऱ्हाईक हॉर्न मारत होतं. तू म्हणालीस, "आजी, पाणी उडालं नाय अजून, थांब." मी म्हटलं, "मला शिकवतेस? उघड." आणि कच्ची निघाल्यावर चारचौघांत म्हटलं, पोरीनं घाई केली. साठ वर्षं पोपटी लावतेय, माझं नाक जाईल वाटलं. तुझं घालवलं.

दीप्तीनं पेन थांबवलं होतं. तिला म्हटलं, लिही गं, हेच लिहायचंय.

शुक्रवारी, चोवीसला, संध्याकाळी आपल्या गावातल्या हरेशचा टेंपो मोहोपाड्याहून इकडं निघतो. तुझ्यासाठी थांब म्हटलंय. आलीस तर पाणी तू शिंपडायचं, तू म्हणशील तेव्हाच उघडायचं. गिऱ्हाईक उभ्या उभ्या वाळलं तरी चालेल. मी पेंढ्याजवळ तोंड मिटून बसेन. ते बघायला तरी ये, पुन्हा दिसायचं नाय.

टेंपो रिकामा आला तर त्याच रात्री इसार परत करीन. तुझ्यावर राग नाय.

कोंबडीला उठवलंय. मडकं घासून उन्हात ठेवलंय.

खालचा अंगठा तव्याच्या काजळीचा हाय, पण माझाच.

चुकलेली,
तुझी सोनुआजी