कोणत्या शाखेत किती मिळतं

प्रिय ठमे,

मानसशास्त्राच्या कोणत्या शाखेत किती पैसे मिळतात, हे तू मावशीकरवी मला विचारलंस. दोन वर्षांनी तुझ्याकडून काहीतरी आलं, तेही इतकं रोकडं! तरी आनंदात माझा चहा उतू गेला. शुक्रवारी तुला शाखा निवडायची आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

शाळेत सगळ्यात कमी. मी सुरुवात तिथंच केली, जिन्याखालच्या खोलीत, खेळाच्या सामानाला खेटून. पगार हातात येण्याआधीच संपलेला असायचा, पण मुलं जाताना दारातून हात हलवायची. मग मी सरकारी इस्पितळात गेले, तिथं बेताचं पण बिनघोर. पेन्शन असते, आणि दाराबाहेर कधी न संपणारी रांग. तिथंच मेंदूला इजा झालेल्यांच्या चाचण्या घेणाऱ्यांना माझ्याहून बरं मिळायचं, कारण ते शिकायला आणखी काही वर्षं घालवावी लागतात. सर्वांत जास्त कंपन्यांत. माझ्याबरोबर शिकलेली एक बुटकी मैत्रीण नोकरभरतीच्या चाचण्या बनवते आणि माझ्या तिप्पट कमावते. मी तिला जन्मभर नावं ठेवली. खरं सांगू? नुसता जळफळाट होता.

स्वतःचा दवाखाना काढलास तर पहिली दोन वर्षं रिकाम्या खुर्चीकडे बघायची तयारी ठेव. मग लोक येतात. माझ्याकडे दिवसाला सात येतात. सातवा गेला की मी घरी येते, आणि सकाळपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलणं होत नाही. फार एकटं वाटतं गं. तुझे बाबा वारले तेव्हा तू रडत होतीस, आणि मी समोर बसून तुला पेशंटसारखे प्रश्न विचारत होते. तू चिडून घर सोडलंस, ते बरोबरच होतं.

आमच्या पेशात एक रीत आहे, तुलाही शिकवतील. पेशंट बाहेर कुठे दिसला तर, तो आपल्याकडे येतो हे चारचौघांत कळू नये म्हणून, आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्यानं दाखवली तरच बोलायचं. गेल्या मंगळवारी औषधांच्या दुकानात तू रांगेत माझ्या पुढेच होतीस. वळून माझ्याकडे पाहिलंस. आणि मी, तुझी सख्खी आई, सवयीनं नजर खाली वळवून तू ओळख दाखवण्याची वाट बघत राहिले. तू निघून गेलीस. दुसऱ्याच दिवशी मावशीकडे तुझा प्रश्न आला. पगाराचं तर तुला कॉलेजातही कुणी सांगितलं असतं. तू माझी पेशंट नाहीस, लेक आहेस. शाखा कुठलीही घे, पण रविवारी घरी ये. दार मीच उघडेन आणि आधी मीच बोलेन.

त्या दिवशी हाक न मारलेली,
तुझीच आई