उड्डाणाआधीची फेरी

रायपूर

प्रिय साक्षी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठणठणीत आहे. तुझी आई कालच बीरगांवला शेवंतामावशीशी कडाकडा भांडून आली, यावरून काय ते समज. फोनवर तू ‘हां पापा, ठीक है पापा’ म्हणून ठेवून देतेस, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही. मराठी वाचायचा तुला कंटाळा, ठाऊक आहे. उत्तर हिंदीत दे, मी रागावणार नाही. माझ्या ओळी वाकड्या झाल्या असतील, तेवढं चालवून घे.

अभनपुरकडची सेठजींची धावपट्टी अजून तशीच आहे. कडेच्या बाभळी तेवढ्या वाढल्यात. ते चार सीटांचं विमानही तेच, फक्त रंग नवा. तिथे उभा राहिलो की मला अजून फ्रॉकमधली तूच दिसतेस. शाळेला सुट्टी असली की मोटरसायकलच्या टाकीवर बसून माझ्याबरोबर यायचीस, आणि आल्या आल्या तुला विमानात चढायची घाई. मी म्हणायचो, आधी फेरी. तू डावीकडून निघायचीस, मी उजवीकडून, आणि शेपटीपाशी भेटून कुणाला काय दिसलं ते सांगायचं. बोट लावल्याशिवाय ‘बघितलं’ म्हणायचं नाही, हा आपला कायदा. चाकं, पंखांच्या कडा, टाकीचं झाकण, इंजिनातलं तेल. घरी पोचेपर्यंत फ्रॉक काळा झालेला असायचा आणि आई दारातच सुरू व्हायची, “काहून त्या पोट्टीले तेलात लोळवून राहिले? पोट्टी आहे का पुसायचं फडकं?”

त्या कुंभारीण माशीची आठवण आहे ना? पंखाखालच्या बारीक नळीला डोळा लावून तू ओरडली होतीस, “पापा, इसमें तो किसीने घर बना लिया!” कुंभारणीने आत चिखल भरून ठेवला होता. त्या नळीत शिरणाऱ्या हवेवरून वेग कळतो. ती बुजली की काटा खोटं बोलतो, आणि पायलट त्यावर विसंबला की संपलं. सेठजी जगदलपूरच्या लग्नाला निघालेले, अंगावर रेशमी कुर्ता, चेहरा लालबुंद. तरी त्यांनी तुझ्यासाठी जलेबी मागवली, कारण नोकरी धरतानाच मी तशी अट घातली होती: ज्याने खोट काढून उड्डाण थांबवलं, त्याला मालकाकडून जलेबी. शिव्या मिळतील या भीतीने लोक खोट लपवतात, आणि आकाशात लपवलेलं काही टिकत नाही. तू हात-तोंड चिकट करून बसलीस आणि सेठजी घड्याळ बघत बसले. मला त्या दिवशी तुझा किती अभिमान वाटला होता, ते तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

आता तू हैदराबादेत एवढी मोठी विमानं उडवतेस, आणि तरी पावसात टॉर्च घेऊन स्वतः फेरी मारतेस म्हणालीस. ते मी अख्ख्या पाऱ्यात, घरोघरी जाऊन सांगून झालंय. समोरचे धर्मपालभैया मला बघितलं की आता रस्ताच बदलतात.

इकडे आई मला तांदूळ निवडायला देत नाही. खडे राहतात म्हणते. पेपरही तीच वाचून दाखवते, आणि मी ऐटीत सांगतो की म्हातारपणी लाड करून घेतोय. तिला बहुतेक कळलंय. तुझी आई भांडायचं सोडून गप्प बसली की समजावं.

गेल्या गुरुवारी सेठजींना घेऊन जायचं होतं. रात्रभर दमट हवा होती, म्हणून टाकीतलं पेट्रोल नेहमीसारखं काचेच्या नळीत काढलं आणि आकाशाकडे धरलं. तुला माहीतच आहे, आपलं पेट्रोल निळसर, आणि पाणी असलं तर खाली वेगळं दिसतं. मला सगळं एकसारखं स्वच्छ दिसलं. ‘ठीक’ म्हणणारच होतो. पण निळा रंग नेमका दिसला की नाही, याची मला खात्री देता येईना. थोडं तळहातावर ओतलं. पेट्रोल असतं तर थंड लागून लगेच उडालं असतं. ते तसंच राहिलं. नळीभर पाणीच होतं, साक्षी. एवढी वर्षं जे लांबून ओळखलं, ते डोळ्यांसमोर धरूनही मला दिसलं नाही.

मी सेठजींना म्हटलं, आज नाही. त्यांनी रिवाजाप्रमाणे जलेबी मागवली. मी पुडा न उघडताच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा झिजलाय, चष्म्याने भरून येणार नाही. माझं मेडिकल सर्टिफिकेट तरीही वर्षअखेरपर्यंत चालतं. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं, आणि खोटं कशाला बोलू, एक रात्र तसा विचार केलाही. सकाळी जाऊन सेठजींच्या हातात चावी दिली. सगळं तपासून झाल्यावर शेवटी पायलटच नापास झाला.

तू रविवारी येतेस, आणि दरवर्षीप्रमाणे मी तुला महानदीवर फिरवून आणीन असं धरून चालली असशील. हे पत्र त्यासाठी. पट्टीवर पोचल्यावर तुला कळावं, असं मला नको होतं. या वेळी उडवायचंस तू, मी शेजारी बसेन; सेठजींना विचारून ठेवलंय. पुन्हा कधी वर जाईन माहीत नाही, म्हणून मला जायचंय, फार जायचंय. पण एवढीशी जरी शंका आली तर इंजिन सुरू करू नकोस. बापाचं मन मोडेल म्हणून उडणारी पायलट मी घडवलेली नाही. दोन्ही बाजूंची फेरी तू एकटीने मार. मी बाभळीखाली उभा असेन, आणि त्या वेळी माझ्याकडे बघू नकोस. मला आवरणार नाही, आणि तुझं लक्ष विमानावरून हटता कामा नये.

तुझाच,
पापा