दोघी सारख्याच

मी, रत्नाकर यशवंतराव धोटे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार तात्यापारा, रायपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा मुलगा पराग तो मागणारच. वकीलबाई म्हणाल्या, हिंदीत लिहा. पण माझ्या मराठीला पराग जन्मभर हिंदीत उत्तरं देत आला. निदान या कागदाला त्याला उलट बोलता येणार नाही.

१. वेठबिगारीविरुद्ध एकतीस वर्षं चालवलेल्या माझ्या 'रिहाई' साप्ताहिकाचं छपाईयंत्र खिळे जुळवणाऱ्या हरिदासला द्यावं. मी लिहिलेल्या शिव्या तो गुपचूप गाळत असे, म्हणून मी तुरुंगाबाहेर राहिलो.

२. अंकांचे बांधीव खंड भनपुरीचे वीटभट्टीमालक गंगाधरशेठ यांना. यांच्या माणसांनी माझा गुडघा फोडला होता. शेठजींचं नाव जिथे आलं तिथे खुणेचे कागद घातलेत, शोधाशोध नको.

३. राहतं घर. बीरगावच्या भट्टीतून मी नत्थूला सोडवलं होतं. त्याची नात फुलेश्वरी, वय बारा, हिला शिकवतो म्हणून पराग नव्या रायपुरातल्या सरकारी बंगल्यावर घेऊन गेला. हो, घेऊन जा असं मीच म्हणालो होतो. मागच्या महिन्यात न कळवता गेलो, तर माझी नात स्वरदा शाळेत आणि ही भांड्यांपाशी. मला स्वतःची लाज वाटली. परागला विचारलं, तर कधी नव्हे तो मराठीत म्हणाला, "काहून शंका घेऊन राहिले, बाबा? स्वरदा अन् फुलेश्वरी, आमच्या घरी दोघी सारख्याच आहेत."

हे वाक्य मी प्रत्येक भट्टीवर मालकाच्या तोंडून ऐकलं आहे. छापण्याआधी मी बोलणाऱ्याची सही घेत असे, तशी परागचीही घेतली. 'रिहाई'च्या स्मरणिकेसाठी हवं म्हटल्यावर त्याने खुशीने लिहून दिलं.

मुलाच्या शब्दावर बापाने विश्वास ठेवायलाच हवा. सबब, हे घर स्वरदा आणि फुलेश्वरी या दोघींना निम्मं-निम्मं. फुलेश्वरी सज्ञान होईपर्यंत तिचा वाटा तिची आई कलावती सांभाळेल.

४. परागची हरकत असल्यास त्याने न्यायालयात, स्वरदाच्या देखत, आपण लिहिलेलं खोटं होतं असं मोठ्याने सांगावं. हरिदास ते पहिल्या पानावर छापेल. पण पराग, तू तसं म्हणू नकोस. तू माझा मुलगा आहेस आणि मला तू फार आवडतोस.

रत्नाकर य. धोटे (सही)

साक्षीदार:
ॲड. विनीता डबीर
धर्मपाल मेश्राम, शेजारी (पराग लिहीत असताना हजर)

रायपूर, ९ ऑगस्ट २०१४

सोबत: डॉक्टरांचा दाखला, परागचं निवेदन, त्याच्याच सुंदर अक्षरात.