निळ्या दिव्याखालची मुंगी

२ फेब्रुवारी

दादाला ऐकू येत नाही, ते जन्मल्यावर झालेल्या काविळीमुळे की सहाव्या महिन्यात आलेल्या तापामुळे? घरातली पहिली पदवी माझी, तीही नर्सिंगची. नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात. तरी मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांनी कोणालाच येणार नाही. आई मात्र ठाम — "तापानंच घात केला. कावीळ मी उतरवली होती, रोज खिडकीतल्या उन्हात धरून."

आज हे डोक्यात यायचं कारण दादाची मुलगी. दोन दिवसांची, आणि पिवळीधमक. माझ्याच वॉर्डात निळ्या दिव्याखाली ठेवली आहे. इतकी वळवळते की आईने तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली.

३ फेब्रुवारी

दादाला हातांनी समजावलं — हा प्रकाश कातडीत शिरतो, तिथला पिवळा रंग मोडतो, मग तो शी-शूमधून निघून जातो. डोळ्यांना त्रास नको म्हणून पट्टी. त्याने आपला पंजा दिव्याखाली धरला, उलटा केला, माझ्याकडे बघून हसला. दोघांनाही तेच आठवलं!

लहानपणी पलंगाखाली आमचं घर असायचं. चादरी सोडल्या की आत अंधार. अंधारात हात दिसत नाहीत, म्हणजे दादाचं बोलणंच बंद. म्हणून बाबांची बॅटरी पळवायचो. दादा ती तळहाताखाली धरायचा आणि पंजा लालभडक व्हायचा, बोटांच्या कडा तर पेटल्यासारख्या. आई वरून ओरडायची, "सेल संपवा, मग बाबा आहेत आणि तुम्ही!" मी घाबरायचे. दादाला काय त्याचं? तो आपला लाल हाताने मला गोष्ट सांगत बसायचा.

तेवढं निवांत मी नंतर कुणाशीच बोलले नाही.

४ फेब्रुवारी

आज आई हटून बसली. "झाली की गोरीपान! आता कशाला तो दिवा? घरी नेऊ. खिडकी आहे, ऊन आहे."

मी म्हटलं, रक्ताचा रिपोर्ट अजून वाईट आहे.

"पदवीवाल्या बाई, पोर समोर दिसतंय, आणि तुम्ही कागद वाचा."

वहिनीही कंटाळलेली. तीसुद्धा म्हणाली, "जाऊ या ना घरी."

तुझं ऊन दादाला पुरलं नसेल, हे एक वाक्य बोलले असते तर आई तिथेच थांबली असती. ओठांवर आलं होतं. गिळलं. त्याऐवजी दिवा बंद केला आणि मुंगीच्या डोळ्यांवरची पट्टी वर सरकवली. पट्टीखाली हळदीसारखा पिवळा पट्टा. सांगितलं — जिथे प्रकाश पडतो तिथली कातडी आधी उजळते. रक्तातली कावीळ तशीच असते. नवीन नर्सही यात फसतात.

मला वाटलं, छान सुटले.

आईने त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "उन्हातून आणून दादाचं टोपडं काढलं की कपाळ असंच दिसायचं. मला वाटायचं, टोपड्याचा रंग लागलाय."

५ फेब्रुवारी

घरी नेण्याचं आईने पुन्हा काढलं नाही. जेवलीही नाही.

६ फेब्रुवारी

रक्तातली कावीळ उतरली. कानांची तपासणीही झाली, मुंगीला नीट ऐकू येतं. दादाला खुणेने सांगितलं तर त्याने मला दोनदा परत सांगायला लावलं. मग तोंड फिरवून उभा राहिला.

मी दुपट्यांच्या घड्या घालत होते. आई शेजारी येऊन बसली. "माझं ऊन कमी पडलं का गं तेव्हा? खरं सांग. तू शिकलीस."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते.

कॉलेजात मी किती तावातावाने भांडायचे! पेशंटच्या माणसांपासून काही म्हणजे काही लपवायचं नाही. आणि खरं म्हणजे इथे 'माहीत नाही' हेच खरं उत्तर. पण ते दिलं तर आई उरलेलं आयुष्य त्या खिडकीत बसून काढेल.

७ फेब्रुवारी

मुंगी घरी गेली. निघताना आईला सांगितलं, "तापानेच झालं. डॉक्टरांना विचारलं मी."

विचारलं नव्हतं.