पहिल्या टेकमधला आवाज

बाई, तुम्हाला रॉक म्हणजे काय हे सांगत बसत नाही. तुम्ही कानावर हात ठेवला असता आणि वर म्हणाला असतात, "पेटी आधी बंद करा, मग काय तो धिंगाणा घाला." धिंगाणाच आहे. आम्ही चौघांनी मिळून एक अल्बम केला. दोन गिटार, एक ड्रम, पत्र्यावर घासलेली साखळी, जेटीवरच्या बर्फ फोडायच्या मशीनचा आवाज, आणि या सगळ्याच्या वर मी. गाते असं म्हणवत नाही. ओरडते, गुरगुरते, मध्येच शिव्या घालते. दिवसा मी कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना परीक्षानळ्या मोजून देते, त्यामुळे स्टाफरूममध्ये अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. इंटरनेटवर एकाने लिहिलं की, बाईचा इतका निर्भीड आवाज त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. ते वाचून मला तुमची आठवण झाली. आनंदाने झाली असं म्हणणार नाही.

मी सातवीत होते. समूहगीताची स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि शाळेच्या मधल्या हॉलमध्ये तुम्ही आम्हा तीसेक मुलींना उभं केलं होतं. मी दुसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला. तुम्ही पेटीवरचा हात उचलता, एकेकीच्या तोंडाजवळ कान नेता, माझ्यापाशी थांबता. "तुझा एकटीचाच ऐकू येतो गं," तुम्ही म्हणता. मला आधी ते कौतुकच वाटलं. मग तुम्ही हळू आवाजात, इतर मुलींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालात, "तू असं कर, नुसते ओठ हलव. शब्द पाठ आहेत ना? मग झालं." तुम्ही रागावला नव्हतात. रागावला असतात तर घरी येऊन सांगता तरी आलं असतं. मी ओठ हलवले. त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं. आमचा दुसरा नंबर आला तेव्हा तुम्ही सगळ्यांना घशासाठी ज्येष्ठमधाची एकेक काडी दिलीत, मलाही दिलीत. बाबा पुढून तिसऱ्या रांगेत बसले होते. घरी जाताना म्हणाले, "तुझा आवाज बरोबर ओळखला मी." मी मान डोलावली आणि काडी चघळत राहिले.

तुमच्यावरचा राग मला पुष्कळ वर्षं पुरला. खरं सांगायचं तर अल्बममधली निम्मी गाणी त्याच्यावरच उभी आहेत. तुम्ही गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर कळलं, तेव्हा हात जोडलेली चित्रं भराभर येत होती आणि मी फोन उलटा करून ठेवला. आता वाटतं, तीस मुली, एक अडकणारी पेटी आणि डोक्यावर हेडमास्तर, तुम्ही तरी काय करणार होतात? पण असं समजूतदार व्हायला लागलं की माझं मलाच चुकल्यासारखं होतं.

तर रेकॉर्डिंग. पावसजवळ आंब्याच्या कॅनिंगचा एक कारखाना आहे, आमच्या गिटारवाल्याच्या मामाचा. जूनमध्ये रस भरून संपला की पुढचा सीझन येईतो तो रिकामा असतो, आणि रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये आवाज असा घुमतो की स्टुडिओत पैसे ओतूनही मिळणार नाही. शेवटच्या गाण्यात मला बायकांचा कोरस हवा होता. गाणाऱ्या बायका नकोच होत्या. सीझनला तिथे आंबे निवडायला आणि सोलायला येणाऱ्या आठ काकी मामांनी गोळा करून दिल्या. रस काढायच्या मशीनच्या घरघरीत दिवसभर एकमेकींशी बोलायचं तर ओरडावंच लागतं, त्यामुळे माइकसमोर कुणी लाजलं नाही. नुसतं "हे" म्हणून हाक मारायची होती, चार वेळा, माझ्या ओरडण्याच्या पाठोपाठ.

पहिल्या टेकला रांगेतली आठवी काकी आवाजात सगळ्यांच्या पुढे निघाली. पन्नाशीची, किडकिडीत. तिची हाक पत्र्याला लागून परत आली तरी तिचा दम संपला नव्हता. ड्रमवाला वाजवायचा थांबला. रेकॉर्डिंग करणारा माझ्याकडे बघायला लागला. मी हसले, तिच्याजवळ गेले, आणि इतर बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "काकी, तुम्ही आता नुसते ओठ हलवा. तुमचा एकटीचाच ऐकू येतोय."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला घाम फुटायला हवा होता. तसं काही झालं नाही. काकी म्हणाली, "बरं बाय, तुमी म्हनशाल तसं. वठ हलवायला काय जातंय." दुसरा टेक व्यवस्थित झाला. आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली. घरी परतताना गोळपच्या चढावर गाडीत कुठे ते वाक्य कुणाचं, हे माझ्या लक्षात आलं.

अल्बम आला तेव्हा मामांनी त्याच शेडमध्ये स्पीकर लावून सगळ्या काकींना ऐकायला बोलावलं. सात जणी आल्या. "ही बग मी," "आनि ही तू, बकरीसारकी," असं चाललं होतं. मी आठवीचं विचारलं. "ती नाय येत," त्यांच्यातली एक म्हणाली. "म्हनाली, मी कुटं गायलंय त्यात? मी कशाला येव?" बाई, मी बाबांसमोर मान डोलावली होती. या काकीने तेवढंही सोंग केलं नाही.

पहिला टेक हार्ड डिस्कवर आहे. रेकॉर्डिंगवाला म्हणतो, एका दुपारचं काम, इंटरनेटवरचं गाणं बदलून टाकू. मी त्याला सांगितलं की काकी सुरात नाही. तो म्हणाला, "या अल्बममध्ये सुरात आहे कोण?" मी विषय बदलला. तो टेक मी एकटीने बऱ्याचदा ऐकला आहे. काकीची हाक येते आणि तिच्या शेजारी माझं ते निर्भीड ओरडणं पाठ करून आल्यासारखं वाटायला लागतं. मला ते तिथेच, माइकसमोर, पहिल्या हाकेला कळलं होतं. म्हणून तिला गप्प केलं. तुमच्यापाशी तीस मुली सांभाळायचं कारण तरी होतं, माझ्यापाशी नव्हतं.

काकीचं घर मला माहीत आहे. एसटीने पाऊण तास. हे सगळं तिला सांगायला हवं, आणि टेक बदलू का असंही विचारायला हवं. ती हो म्हणेल, आणि मग मला तो बदलावा लागेल. चार महिने झाले, मी गेलेली नाही. तुम्हाला मात्र दोन पानं लिहून झाली.