पिनभोवतीचा दोरा

वराळे, शनिवार संध्याकाळ

आज आमच्या गॅरेजच्या गाळ्यात चार्जिंगला लावलेली एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरची बॅटरी फुगली आणि धूर ओकायला लागली. मी गडबडले नाही. मेन स्विच बंद केला, लिथियम बॅटरीची आग विझवायला मुद्दाम आणलेला सिलिंडर उचलला, पिन ओढली. पिन येईना. खंडेनवमीला पान्ह्यांबरोबर त्याचीही पूजा केली होती, त्या हाराचा दोरा पिनभोवती गच्च. शेवटी दातांनी तोडला. तोंडात झेंडूचा कडवटपणा. आग विझली, तरी अशी बॅटरी पुन्हा पेटते, म्हणून सिलिंडर रिकामा होईपर्यंत मारतच राहिले. हे मात्र चोख केलं.

समोरच उभं असलेलं ते स्कूटरवालं गिऱ्हाईक तडकलं, "पिनला दोरा कुणी बांधला?"

मी बोलायच्या आत आबा, माझे सासरे, म्हणाले, "म्याच बांधला. म्हाताऱ्याला काय कळतंय त्यातलं."

दोरा मी बांधला होता. दोन गाठी मारून. आबांनी ते पाहिलं होतं. मग मी गप्प का बसले? आगीला भ्याले नाही आणि एका गिऱ्हाइकाला भ्याले?

तीनदा चूळ भरली, झेंडू जात नाही. उद्या तो माणूस येईल, तेव्हा आबांसमोरच त्याला खरं सांगणार आहे. मग जाईल.